पहिला तास वाचवा

छातीत दुखायला लागल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत आपल्या देशातल्या हृदयरुग्णाचा किती वेळ जातो? २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या ८९ रुग्णालयांमधल्या २०,४६८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या रुग्णांना रुग्णालय गाठायला ३६० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ लागला होता. म्हणजे सहा तास. रुग्णालयात आल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू व्हायला साधारण ५० मिनिटं लागत होती. हाही वेळ कमी व्हायलाच हवा, पण खरा वेळ वाया गेला तो रुग्णालयाच्या बाहेर. घरात गेला, रस्त्यात गेला, नको त्या दवाखान्यात गेला.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मला स्वस्थ बसू देत नाही. गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के तीस दिवसांत दगावले, श्रीमंत रुग्णांपैकी ५.५ टक्के. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा ही तफावत उरली नाही. गरिबाचं हृदय मुळात कमकुवत नव्हतं. त्याला औषध मिळालं नाही.

मी तालुक्याच्या गावात काम करणारा फिजिशियन आहे आणि एकाच मागणीसाठी हा लेख लिहितो आहे. हृदयविकाराच्या झटक्यातला पहिला तास आपण सगळ्यांनी मिळून वाचवू या. त्यासाठी लागणारं ज्ञान आहे, औषधं आहेत, यंत्रंही आहेत. ती रुग्णापर्यंत वेळेत पोचवण्याचं काम मात्र डॉक्टर एकटा करू शकत नाही. त्यात घर लागतं, गाव लागतं आणि शासनही लागतं.

धमनीत नेमकं काय होतं

हृदय म्हणजे सुमारे तीनशे ग्रॅम वजनाचा स्नायू. दिवसाकाठी एक लाखाच्या आसपास ठोके देतो. त्याच्या पोकळ्यांमधून अहोरात्र रक्त वाहत असलं, तरी त्याच्या जाड भिंतीला लागणारा प्राणवायू त्या रक्तातून मिळत नाही. त्यासाठी वेगळी सोय आहे. महाधमनी हृदयातून बाहेर पडते, तिथेच तिला पहिल्या दोन फांद्या फुटतात, एक उजवी आणि एक डावी. डावीचे लगेच दोन भाग होतात. एक हृदयाच्या समोरच्या भिंतीवरून खाली टोकापर्यंत उतरतो, दुसरा वळसा घालून मागे जातो. या तीन मुख्य धमन्यांची रुंदी तीन-चार मिलिमीटर. सगळं आयुष्य त्यांच्या भरवशावर चालतं.

या धमन्यांच्या आतलं अस्तर निरोगी असतं तेव्हा गुळगुळीत असतं, रक्त त्याला चिकटत नाही. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातलं जादा कोलेस्टेरॉल यांनी ते अस्तर दुखावतं. मग एलडीएल नावाचं कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरून साठू लागतं. त्याला गिळायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. या मऊ, चरबट गोळ्यावर शरीर तंतूंचं एक आवरण चढवतं. याला आम्ही प्लाक म्हणतो, रिपोर्ट हातात घेऊन आलेले लोक ब्लॉकेज म्हणतात.

हा म्हातारपणाचा आजार आहे, अशी समजूत असेल तर ती सोडून द्या. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनांचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय होतं २२ वर्षं आणि त्यांतल्या ७७ टक्के तरुणांच्या हृदयाच्या धमन्यांत या रोगाच्या खुणा दिसल्या. आपल्याकडे तर घाई आणखीच आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना ५९ व्या वर्षी. ऐन संसाराच्या, मुलांच्या शिक्षणाच्या आणि कर्जाच्या हप्त्यांच्या वयात हा आजार घरातला कर्ता माणूस गाठतो.

धमनी हळूहळू भरत जाते आणि शंभर टक्के भरली की झटका येतो, असं बहुतेकांना वाटतं. पुष्कळदा तसं घडत नाही. पन्नास टक्क्यांहून कमी अडथळा असलेल्या जागीही झटका येतो. मऊ प्लाकवरचं पातळ आवरण एखाद्या पिकलेल्या फोडासारखं फुटतं. आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो. शरीराला वाटतं जखम झाली, आणि ती बुजवायला रक्त तिथे गुठळी करतं. बोटाला कापल्यावर रक्त थांबवून आपल्याला वाचवणारी हीच क्रिया तीन मिलिमीटरच्या धमनीत झाली, की काही मिनिटांत वाट बंद. म्हणून ‘परवाच तर गड चढून आला होता’ हे वाक्य खरं असतं. कालपर्यंत त्रास नव्हता, म्हणून आजचं दुखणं हृदयाचं नाही, हा निष्कर्ष मात्र जिवावर बेततो.

स्नायू मरतो तेव्हा

धमनी बंद झाल्यावर तिच्या पुढचा स्नायू उपाशी राहतो. पहिल्या वीस-तीस मिनिटांत रक्त परत मिळालं, तर तो बहुतेक सगळा सावरतो. त्यानंतर पेशी मरू लागतात. मरण सुरू होतं भिंतीच्या आतल्या थरापासून आणि तासातासाने बाहेरच्या थराकडे सरकत जातं. सहा तासांनंतर वाचवण्याजोगं फार थोडं उरतं. मेलेल्या स्नायूच्या जागी नवा स्नायू उगवत नाही. तिथे व्रण तयार होतो आणि तो आकुंचन पावत नाही.

झटक्यातून वाचलेल्या माणसाची पुढची वर्षं कशी जातात, ते या व्रणाच्या आकारावर ठरतं. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं ५५ ते ६० टक्के रक्त बाहेर टाकतं. मोठा झटका उशिरा हाताळला गेला, की हा आकडा तिसावर येतो. मग फुप्फुसांत पाणी साठतं. रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही. पायांवर सूज येते, मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं, लघवी कमी होते. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन बांध तुडवणारा माणूस अंगणातून ओसरीवर येईपर्यंत धापा टाकतो. अशा माणसाला ‘वाचला’ म्हणायचं खरं, पण त्याचं शेत बटाईने जातं आणि त्याच्या मुलीचं कॉलेज सुटतं.

पहिल्या तासाला आणखी एक धोका असतो. उपाशी स्नायूतली विजेची लय बिघडते आणि हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरत राहतं. माणूस बोलता बोलता कोसळतो. या थरथरीवर एकच खरा इलाज आहे, डिफिब्रिलेटरचा विजेचा झटका. तो मिळेपर्यंत छातीवर दाब देत राहिलं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. झटक्याने होणारे पुष्कळ मृत्यू रुग्णालय गाठण्याआधी होतात, ते यामुळेच.

हा आजार केवळ हृदयापुरता राहत नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांत तोच प्लाक धरतो, तेव्हा अर्धांगाचा झटका येतो. पायाच्या धमन्यांत धरतो, तेव्हा थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, बसलं की बरं वाटतं, आणि मधुमेही माणसाच्या अंगठ्याची साधी जखम काळी पडत जाते. मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद झाल्या की रक्तदाब आवरेनासा होतो. चालताना पोटरी दुखते म्हणून आलेल्या माणसाचं हृदय तपासायलाच हवं, ते याकरता.

वेळेची किंमत आकड्यांत मोजलेली आहे. गुठळी विरघळवणाऱ्या औषधांच्या अनेक चाचण्या एकत्र करून १९९६ साली हिशेब मांडला गेला. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तासात औषध मिळालं, तर हजार रुग्णांमागे ६५ जास्तीचे जीव वाचतात. दुसऱ्या तासात मिळालं तर ३७. औषध तेच, रुग्ण तसेच. एका तासात जवळपास निम्मा फायदा हातचा जातो.

तास जातो कुठे

सगळ्यात आधी तो घरात जातो. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, आवळल्यासारखं होतं. कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाते. दरदरून घाम सुटतो. घरातले म्हणतात, गॅस झाला असेल. ओवा चघळायला देतात, सोडा पाजतात, छातीला बाम चोळतात. ढेकर आला की सगळ्यांना हायसं वाटतं. ढेकर झटक्यातही येतो, हे लक्षात ठेवा. बायकांच्या बाबतीत आणखी उशीर होतो. त्यांना पुष्कळदा छातीत दुखण्यापेक्षा दम लागतो, पाठ भरून येते, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि कामाचा शीण म्हणून त्या ते अंगावर काढतात. मधुमेही माणसाला तर कधीकधी दुखणं जाणवतही नाही, नुसता घाम आणि अशक्तपणा येतो. म्हणून नियम सोपा ठेवा. चाळिशीच्या पुढच्या माणसाला, किंवा तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांपैकी काहीही असलेल्या तिशीतल्या माणसालासुद्धा, हनुवटीपासून बेंबीपर्यंत कुठेही नवीन दुखणं, दडपण किंवा दम घामासकट आला आणि पंधरा मिनिटांत थांबला नाही, तर तो हृदयाचा झटका समजून निघायचं. ईसीजी काढल्यावर पित्त निघालं, तर देवाचे आभार माना. एका कागदाची किंमत गेली, एवढंच.

नंतर तो वाहनात आणि रस्त्यात जातो. अजूनही लोक मोटारसायकलवर रुग्णाला मधे बसवून आणतात. वाटेत हृदय थरथरू लागलं, तर मोटारसायकलवर काहीही करता येत नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे आणि त्या गाडीत डॉक्टर असतो. फोन करा आणि रुग्णाला चालवू नका, जिना उतरायला लावू नका, अर्धवट बसवून ठेवा. गाडी यायला फार उशीर लागणार असेल, तर जे चारचाकी वाहन मिळेल त्याने निघा. मात्र निघताना ज्या दवाखान्यात ईसीजी आहे, तिथेच जा.

कारण तिसरी गळती इथे आहे. गावातल्या ओळखीच्या दवाखान्यात जायचं, तिथे सलाइन लावून घ्यायचं, पित्ताचं इंजेक्शन घ्यायचं आणि तासाभराने ‘फरक नाही’ म्हणून तालुक्याला यायचं, हा रिवाज जीवघेणा आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी दारात आल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे, हा जगभर मान्य झालेला दंडक आहे. बाहेर केसपेपरची रांग असली तरी, डॉक्टर जेवायला बसले असले तरी. पहिला ईसीजी साधा आला आणि दुखणं चालू असेल, तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढायचा आणि ट्रोपोनिनची रक्तचाचणी करायची. एका कागदावर बिनघोर घरी जाऊ नका.

चौथी गळती सगळ्यात क्लेशकारक आहे, कारण तेव्हा रुग्ण औषधाच्या हातभर अंतरावर असतो. ईसीजीची पट्टी यंत्रातून सरकत बाहेर येते. निरोगी पट्टीत प्रत्येक ठोक्याची उंच रेघ खाली येऊन आपल्या मूळ पातळीवर टेकते. झटक्यात ती टेकतच नाही, वर उचललेलीच राहते. समोरची धमनी बंद असेल, तर छातीवरच्या पट्ट्यांमध्ये हे इतकं ठळक दिसतं, की शिकाऊ नर्ससुद्धा ओळखते. आता गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. टेनेक्टेप्लेज असेल, तर रुग्णाच्या वजनाप्रमाणे मोजलेला एकच डोस शिरेतून काही सेकंदांत देऊन होतो. जुनं, स्वस्त स्ट्रेप्टोकायनेज असेल, तर तासाभरात सलाइनमधून. आणि इथे नातेवाईक म्हणतात, ‘जरा थांबा, भाऊ पुण्याहून निघालाय, त्याला विचारतो.’ मी त्यांना दोष देत नाही. सही करताना हात कापतो. या औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास असतो आणि तो सांगणं डॉक्टरचं कर्तव्य आहे. पण बंद धमनी तशीच ठेवण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. औषध वेळेत गेलं की बहुतेकदा तास-दीड तासात चेहऱ्यावरचा घाम सुकतो, दुखणं ओसरतं आणि पुढच्या पट्टीत ती उचललेली रेघ खाली उतरलेली दिसते. माणूस पाणी मागतो. आमच्या कामात याहून समाधानाचा क्षण नाही, आणि तो माझ्या गावातल्या कुणाही शेतमजुराच्या वाट्याला यावा, एवढंच मला हवं आहे.

मोठ्या शहरात, जिथे चोवीस तास कॅथलॅब (धमनीत तार घालून उपचार करण्याची खोली) आहे, तिथे थेट अँजिओप्लास्टी हाच सर्वांत चांगला इलाज. मांडीतून किंवा मनगटातून तार नेऊन बंद जागी फुगा फुगवायचा आणि जाळीदार स्टेंट बसवायची. आन्द्रेआस ग्रुएंट्झिग यांनी १९७७ साली झुरिकमध्ये फुग्याने हृदयाची धमनी उघडून दाखवली, तेव्हापासून या तंत्राने असंख्य माणसं जगली. पण भामरागडहून गडचिरोली आणि तिथून नागपूर, हा प्रवास कुणी दोन तासांत करू शकत नाही. कॅथलॅब दोन तासांत गाठता येत नसेल, तर आधी जवळच्या ठिकाणी इंजेक्शन, आणि मग पुढच्या तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफीसाठी मोठ्या रुग्णालयात रवानगी, हा शास्त्राने मान्य केलेला मार्ग आहे. ‘इथे काही होणार नाही, शहरात न्या’ असं म्हणून काहीच उपचार न करता रुग्ण पाठवणं आता थांबलं पाहिजे.

हे झालेलं आहे

ग्रामीण भागात हे शक्य नाही, असं म्हणणाऱ्यांना मी महाडकडे बोट दाखवतो. कोकणात विंचू चावला की माणसं मरत, मुलं तर फार. ते विषही हृदयावर आणि फुप्फुसांवरच घाला घालतं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात राहून, रुग्णाशेजारी बसून त्याचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या साध्या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. गंभीर दंशातलं मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते एकाच्या घरात आलं. त्यासाठी मुंबईत नवं रुग्णालय बांधावं लागलं नाही. उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत गेला, डॉक्टर शिकले, लोक वेळेत येऊ लागले. हे आपल्याच मातीत घडलं आहे.

हृदयाच्या झटक्याबाबतही रस्ता आखलेला आहे. तामिळनाडूत लहान रुग्णालयं, रुग्णवाहिका आणि कॅथलॅब असलेली मोठी रुग्णालयं यांची एकेक साखळी बांधली गेली. लहान ठिकाणी ईसीजी आणि इंजेक्शन, मोठ्या ठिकाणी अँजिओग्राफी. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं होतं. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागानेही याच धर्तीवर ‘स्टेमी’ (ईसीजीत रेघ उचललेली दिसणारा झटका) कार्यक्रम हाती घेतला. आरोग्य संस्थांत ईसीजी यंत्रं देऊन तो कागद दूरच्या तज्ज्ञाकडून काही मिनिटांत वाचून घेण्याची सोय केली. या कार्यक्रमाला बळ देणं आणि तो आपल्या रुग्णालयात खरोखर चालतो का हे विचारणं, हे आता आपलं काम आहे.

लोकांनी लावून धरलं की बदल होतो, याचा आणखी एक दाखला याच क्षेत्रातला. स्टेंटच्या किमती अवाच्या सवा होत्या. दिल्लीतल्या एका वकिलाने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, करांव्यतिरिक्त. एका नागरिकाच्या अर्जाने देशभरातल्या रुग्णांचा खर्च खाली आला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचाही समावेश आहे. पैशांसाठी जमीन गहाण टाकण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

झटक्याआधीची वर्षं

पहिला तास वाचवायचा, तसा तो येऊच नये यासाठी आधीची वर्षंही वापरायची. ‘इंटरहार्ट’ने जगभरच्या पहिल्या झटक्यांमागची कारणं तपासली. सुमारे नव्वद टक्के धोका ओळखीच्या नऊ गोष्टींत आहे, आणि त्यांतल्या बहुतेक आपल्या आवाक्यातल्या आहेत: तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, ताण, फळंभाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव, दारू.

तंबाखूबद्दल मी जरा जास्त बोलतो, कारण आमच्या भागात विडीपेक्षा मळलेली तंबाखू, गुटखा आणि मिश्री जास्त आहे. धूर नाही म्हणजे हृदयाला धोका नाही, असं नव्हे. सगळी तंबाखू धमनीचं अस्तर दुखावते. सोडल्याबरोबर धोका उतरू लागतो, म्हणून सत्तरीतल्या आजोबांनाही मी सोडायला सांगतो. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा, कोलेस्टेरॉलही एकदा पाहून घ्या. रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नका, बरं वाटतंय ते तिच्यामुळे. स्टेंट बसवून घरी आलेल्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरला न विचारता एक दिवसही चुकवू नयेत. स्टेंटमध्येच गुठळी होऊन परत आलेले रुग्ण आम्ही पाहतो, आणि ते फार आजारी असतात.

ज्ञान असूनही हा आजार कुणाला सोडत नाही, याची आठवण महाराष्ट्राला आहे. हृदयशल्यचिकित्सक डॉ. नीतू मांडके २००३ साली हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले. इतरांची हृदयं दुरुस्त करणारा हात थांबला. त्यामुळे ‘मला काही होणार नाही’ असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

आता काय करायचं

प्रत्येक घराने आज रात्री ठरवावं. छातीत दुखलं तर १०८, हा क्रमांक लहान मुलांनाही पाठ हवा. जवळचा चोवीस तास ईसीजी काढणारा दवाखाना कोणता, हे आधीच विचारून फोनमध्ये नोंदवून ठेवा. घरात ॲस्पिरिनची गोळी ठेवा. १९८८ साली ‘आयसिस-२’ या १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने दाखवलं, की झटका आल्यापासून महिनाभर घेतलेल्या या स्वस्त गोळीने मृत्यू जवळपास एक चतुर्थांशाने कमी होतात, आणि गुठळी विरघळवणारं औषध जोडीला असेल तर ४२ टक्क्यांनी. तीनशे मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खायची. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा कुठून रक्त जात असेल, तर द्यायची नाही. आणि गोळी देऊन थांबायचं नाही, निघायचंच. शेजाऱ्याच्या खिशातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्याची घाई करू नका. रक्तदाब उतरलेला असेल, तर तिने माणूस कोसळतो.

गावातल्या तरुणांनो, तुमच्या मंडळांकडे माणसं आहेत, हुरूप आहे, वर्गणी आहे. येत्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ सीपीआरच्या प्रशिक्षणाला द्या. कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. एका माणसाचे हात दोन मिनिटांत थकतात, म्हणून गावात दहा-वीस जणांना हे आलं पाहिजे.

पुण्या-मुंबईत, आखातात, अमेरिकेत असलेल्या मुलामुलींनो, गावाकडून रात्री फोन आला, तर ‘मी येईपर्यंत थांबा’ म्हणू नका. आजच घरी सांगून ठेवा, की डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं तर माझी वाट न पाहता सही करा. दिवाळीला पाठवलेल्या भेटीपेक्षा ही परवानगी आईवडिलांच्या जास्त कामी येईल.

माझ्या व्यवसायबंधूंनो, ज्या दवाखान्यात छातीचं दुखणं पाहिलं जातं, तिथे ईसीजी यंत्र असायलाच हवं. नसेल, तर रुग्णाला हात न लावता, सलाइन न लावता, पाच मिनिटांत पुढे पाठवा आणि पुढच्या डॉक्टरला फोन करा.

आणि सगळ्यांनी मिळून शासनाला विचारायचं. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, ग्रामसभा होतात. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला लेखी चार प्रश्न पाठवा. रात्री दोन वाजता इथे ईसीजी निघतो का? तो वाचणारा कुणी आहे का, इथे किंवा दूरध्वनीवर? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आज साठ्यात आहे का? आणि चालू स्थितीतला डिफिब्रिलेटर आहे का? उत्तर ‘नाही’ आलं, तर आमदाराकडे जा, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जा, जिल्हा नियोजन समितीपुढे मागणी ठेवा. उत्तर ‘हो’ आलं, तर त्या रुग्णालयातल्या डॉक्टर-नर्सना गावाने बोलावून त्यांचा सत्कार करावा आणि ही सोय असल्याचा फलक एसटी स्टँडवर लावावा.

रस्त्यासाठी आपण मोर्चे काढले, पाण्यासाठी उपोषणं केली, शाळेसाठी श्रमदान केलं. चार प्रश्नांचा हा अर्ज त्याहून अवघड नाही. तो या आठवड्यात लिहा, त्यावर गावातल्या शंभर माणसांच्या सह्या घ्या आणि चारही प्रश्नांना ‘हो’ असं उत्तर लेखी मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.